संशयाचा फायदा

त्या माणसाबद्दल लिहिताना मी 'ते आले, ते म्हणाले' असं लिहिणार नाही. तोंडावर त्याला अहोजाहो केलं, कोर्टात केलं, पेठेत भेटला तेव्हाही केलं. तेवढं पुष्कळ झालं. आता मी म्हातारा आहे, तो कधीचाच गेला आहे, तेव्हा 'तो' म्हटलेलं चालेल.

तो सांगलीतला हळदीचा आडत्या. मार्केट यार्डात दुकान, मागे वखार, दोन ट्रक, एका देवळाचा विश्वस्त, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात पुढच्या खुर्चीवर बसून मुलांना सचोटीवर चार शब्द सांगणारा. मी तेव्हा नवा वकील म्हणता येईल इतका नवा नव्हतो, पण जुन्या वकिलांच्या लेखी मी कायमचाच नवा होतो. माझे वडील माधवनगरला गिरणीत होते. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मी वकील झालो तेव्हा गिरणीतल्या लोकांनी गुलाल उधळला आणि बाररूममधल्या लोकांनी खुर्च्या जरा सरकवून घेतल्या. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत माझं ऑफिस होतं. त्या लाकडी जिन्यावरून एका सकाळी तो धापा टाकत वर आला.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आत्ताच पिऊन आलो बघा," तो म्हणाला. घामानं डबडबलेला माणूस, ओठ सुकलेले. मी तांब्या तिथंच ठेवला. बोलणं होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत होता.

त्याचं काम असं होतं. त्याचा एक ट्रक हळद घेऊन पुण्याकडे निघाला होता. साताऱ्याच्या अलीकडे पोलिसांनी अडवला. हळदीच्या काही पोत्यांत मधोमध गांजा भरलेला सापडला. ड्रायव्हरला अटक झाली होती आणि तो साताऱ्याच्या जेलमध्ये होता.

"गरीब माणूस आहे हो," शेठ म्हणाला. "बुद्धी फिरली. वाटेत कुणीतरी दिला असेल, यानं घेतला असेल. म्हटलं, आपलाच माणूस, त्याला वकील द्यावा. तुम्ही उभे राहा."

त्याचे नेहमीचे वकील सांगलीतले बडे होते. माझ्याकडे का आला हे मी विचारलं नाही. ते पुढच्याच वाक्यात कळलं.

"फार काही करायचं नाही बघा. जामिनाची घाई नको. तारखेला त्यानं गुन्हा कबूल करायचा, तुम्ही दयेची विनंती करायची. पहिलाच गुन्हा, मिलिटरीतला माणूस, साहेब थोडक्यात सोडतील. त्याच्या घरचं मी बघतो की."

तेव्हा गांज्याला आजच्यासारखा स्वतंत्र, कडक कायदा नव्हता. दारूबंदीच्याच कायद्यात गांजा, भांग, चरस बसत. केस मॅजिस्ट्रेटपुढे चाले. शिक्षा आजच्याइतकी मोठी नसे, पण जेल ते जेलच. त्याला पेठेतला नामांकित वकील नको होता, कारण नामांकित वकील उभा राहिला की लोक विचारतात, ड्रायव्हरला एवढा मोठा वकील कुणी दिला? त्याला हवा होता मान डोलावणारा. गिरणी कामगाराचा मुलगा, जिन्यावरच्या खोलीतला. हा आपल्याशी कृतज्ञ राहील, असा त्याचा हिशेब होता. वकीलपत्र घेण्यासाठी मी साताऱ्याला जातो एवढंच मी म्हणालो. तो जिना उतरला आणि खालच्या सायकलवाल्याकडे पाणी मागून प्यायला. मला वरून दिसलं.

जेलमध्ये ड्रायव्हर माझ्यापुढे सावधानमध्ये उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. चाळिशीचा, उंच, काटक. म्हसवडजवळच्या एका गावचा. फौजेत ट्रक चालवले, मुदत संपल्यावर गावी आला, माणदेशात पाऊस नाही म्हणून पोटासाठी सांगलीत आला आणि या शेठच्या गाडीवर लागला. एवढं त्यानं सांगितलं. पुढचं सांगेना.

"पोती कुणी भरली?" मी विचारलं.

"सायब, मी कबूल होतो. शेठनी सांगितलंय."

"शेठनं काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. पोती कुणी भरली?"

"मीठ खाल्लंय त्यांचं."

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलं. खाणारे म्हणतात, खिलवणारे कधी म्हणत नाहीत. ज्यानं याच्याकडून उन्हातान्हात गाडी चालवून घेतली, त्यानं याच्या घामाचं मीठ खाल्लंय असं म्हणताना मी एकही मालक बघितला नाही. मला त्या ड्रायव्हरची कीव आली नाही, चीडच आली. बंदूक खांद्याला लावलेला माणूस, बर्फात गाडी चालवलेला, आणि एका ढेरपोट्या आडत्यापुढे शेपूट घालून बसला होता.

मी वकीलपत्रावर त्याची सही घेतली आणि बाहेर आलो, तर जेलच्या दारात त्याची बायको उभी. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. म्हसवडहून एसटीनं आली होती. तिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण ती सरळ माझ्यापुढे आली.

"आवं वकीलसायब, तुमी शेठचं हाय का आमचं?"

मला हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बाररूममधल्या एकाही विद्वानानं आपल्या आयुष्यात तो स्वतःला विचारला नसेल. मी म्हणालो, "कागदावर तुमच्या नवऱ्याचा. पैसे शेठ देणार आहे."

"मग पैसं घिऊ नगा," ती म्हणाली. "शेठचा मुनीम आला हुता घरी. म्हनला, धनी गुन्हा कबूल करत्यात, तुमाला जुंधळं घालतो. मी म्हनलं, जुंधळं कवातरी संपत्यात. पोरगीला बगाया पावणं येतील तवा मी काय सांगू? बाप गांज्यात गेला म्हनून सांगू? त्यानं आयुष्यात बिडी वडली न्हाई."

"तो बोलतच नाही," मी म्हणालो.

"मला आत सोडा. मी बोलता करते."

तिला भेट मिळवून दिली. दाराशी मी उभा होतो, म्हणून मला तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता, त्याचा नाही. ती रडली नाही. "लडाईत न्हाई मेलासा, आन् हितं मरताय व्हय?" एवढं वाक्य मात्र अख्ख्या जेलनं ऐकलं असेल.

सांगलीला परतल्यावर मी शेठच्या दुकानी गेलो. गादीवर बसून तो हळकुंडं हातात घेऊन मोडून बघत होता. मी म्हणालो, माझा अशील गुन्हा नाकबूल करणार आहे, जामिनाचा अर्ज दिला आहे, आणि तुमच्याकडून मला फी नको.

तो हसला. हळकुंड खाली ठेवलं. "वकीलसाहेब, या पेठेत तुम्हाला पुढं केसेस मिळायला पाहिजेत की नको?"

"आत्ता तरी कुठं मिळतात," मी म्हणालो.

फी कुणी दिली, हा प्रश्न मला बायकोनंही विचारला होता. कुणी दिली नाही.

जामीन झाला. ड्रायव्हरच्या मेव्हण्यानं आपली जमीन जामीन राहताना दाखवली. गावात दुसरं कुणी पुढे आलं नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेत ज्यांच्या चिलमीचा धूर देवळाच्या शिखरापर्यंत जायचा, तेच लोक आता याच्या दारावरून जाताना नाकाला उपरणं लावत होते. ही हकीगत त्याच्या बायकोनंच मला सांगितली, आणि वर म्हणाली, "त्यास्नी वास येतोय म्हनं."

खटला उभा राहिला तेव्हा एक गोष्ट बघून मी थक्क झालो. सरकार पक्षाच्या साक्षीदारांत शेठचंच नाव होतं. म्हणजे ज्यानं आरोपीला वकील देऊ केला, तोच आरोपीविरुद्ध साक्ष देणार होता. फौजदारानं त्याला आरोपी करायचं सोडून साक्षीदार केलं होतं. फौजदार त्या तपासाबद्दल स्वतःवर इतका खूष होता की साक्ष देताना छातीवरचा पट्टा सारखा नीट करत होता. माल कुणाचा? व्यापाऱ्याचा. गाडी कुणाची? व्यापाऱ्याची. गुन्हा कुणाचा? ड्रायव्हरचा. ज्याच्या पायात वहाण, तो मालक. ज्याच्या पायात फोड, तो आरोपी. अशा तपासाला डोकं लागत नाही, पट्टा पुरतो.

पहिला पंच एक पानपट्टीवाला होता. पोलीस स्टेशनच्या समोरच त्याची टपरी. साताऱ्यातल्या निम्म्या पंचनाम्यांवर त्याची सही असायची. कुठंही काही सापडलं की तो तिथं नेमका हजर. एवढा योगायोग देवाच्याही वाट्याला येत नसेल. सरतपासणीत त्यानं सगळं घडाघडा म्हटलं: रस्त्यात गाडी उभी होती, माझ्यासमक्ष पोती सोडली, माझ्यासमक्ष गांजा निघाला, माझ्यासमक्ष सील केलं.

मी उलटतपासणीला उठलो.

"पोतं सोडलं तेव्हा तुम्ही जवळ होता?"

"अगदी हाताच्या अंतरावर."

"आत हळद होती?"

"होती की."

"कशी होती?"

"कशी म्हणजे? पिवळी."

कोर्टात हशा झाला. मॅजिस्ट्रेट पंख्याकडे बघत होते, ते माझ्याकडे बघू लागले.

"रंग नाही विचारला. हळद हातात घेतली होती का?"

"घेतली की. सगळी अंगावर उडाली. सदरा पिवळा झाला माझा. बायको म्हणाली, काय हळद लावून आलाय काय."

पुन्हा हशा. आता तो स्वतःही हसत होता. साक्ष रंगली आहे असं त्याला वाटलं.

"म्हणजे दळलेली हळद होती. पूड."

"पूडच. बारीक."

"नक्की?"

"देवाशपथ."

मी मॅजिस्ट्रेटना विनंती केली की मुद्देमालातलं एक पोतं सोडावं. शिपायानं टेबलापाशी पोतं ओढलं, सील दाखवलं, सुतळी कापली आणि पोतं कलतं केलं. टेबलावर खडखड करत हळकुंडं पडली. अखंड, वाळलेली, बोटाएवढी. सांगलीहून त्या वखारीतला माल असाच जात असे. सांगलीच्या कुठल्याही बाईनं न बघता सांगितलं असतं. पण हा गृहस्थ त्या पोत्यापर्यंत कधी गेलाच नव्हता. त्यानं टपरीवर उभं राहून, हातातला चुना पुसून सही केली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्यानं एक हळकुंड उचलून उलटसुलट केलं. मग म्हणाला, "त्या दिवशी पूड होती."

यावर मॅजिस्ट्रेटही हसले. फौजदार मात्र पट्ट्यावरून हात काढून उभा होता.

दुसऱ्या तारखेला शेठ आला. पांढरं धोतर, कोट, कपाळाला गंध. साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना त्यानं आधी पिंजऱ्याला नमस्कार केला, मग कोर्टाला. ड्रायव्हर आरोपीच्या जागी सावधान उभा. शेठ आत आला तेव्हा ड्रायव्हरचा हात सवयीनं सलामासाठी कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. शेठनं तिकडे बघितलंच नाही.

शपथ घेऊन तो म्हणाला, "मी याला मुलासारखं वागवलं, साहेब. पण याला पहिल्यापासून व्यसन. वाटेत कुठं थांबायचा, कुणाला भेटायचा, मला कसं कळणार? माझ्या चांगुलपणाचा यानं फायदा घेतला."

मी ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. फसवणूक झाल्यावर माणूस रडतो, चिडतो, असं म्हणतात. हा माणूस गोंधळून गेला होता. आपल्याच गाडीचा रस्ता चुकल्यावर ड्रायव्हर जसा बाहेर डोकावून बघतो, तसा तो बघत होता.

मी उठलो.

"शेठजी, गांज्याची पोती गाडीत कुठं सापडली?"

"पोलिसांना ठाऊक."

"पंचनाम्यात आहे. सगळ्यात तळाशी, मधल्या रांगेत. त्यांच्यावर बाकीची हळद होती. बरोबर?"

"असेल."

"गाडी कुठं भरली?"

"माझ्या वखारीत."

"कुणी?"

"हमालांनी."

"ड्रायव्हर भरत होता?"

"ड्रायव्हर कशाला भरेल? तो बाहेर बसतो. वखारीत कुणालाही येऊ देत नाही मी."

"क्लीनर बरोबर होता?"

"त्या खेपेला नव्हता. मीच राहू दे म्हटलं." इथं त्यानं जीभ चावली, पण वाक्य लिहून झालं होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की एकट्या ड्रायव्हरनं वाटेत ताडपत्री सोडली, सगळी गाडी रस्त्यावर उतरवली, तळातल्या पोत्यांतली हळद काढून गांजा भरला, पोती शिवली, सगळी गाडी पुन्हा एकट्यानं भरली, आणि वर ताडपत्री बांधून साताऱ्याकडे निघाला?"

शेठनं गंधावरून घाम पुसला. कपाळभर गंध पसरलं. "तो मिलिटरीतला आहे," तो म्हणाला. "ताकदीचा गडी आहे."

कोर्टभर असा हशा उठला की बाहेरच्या झाडाखालचे पक्षकार दारात येऊन डोकावले. सरकारी वकिलांनी कागदात तोंड घातलं. मी खाली बसलो. काही उत्तरांनंतर वकिलानं बोलू नये. त्या उत्तरानं माझं निम्मं भाषण केलं होतं.

शेवटी मॅजिस्ट्रेटनी आरोपीला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, 'खोटी केस आहे, मी निर्दोष आहे' एवढंच म्हण. तो तसं म्हणाला नाही.

"सायब," तो म्हणाला, "गाडी भरून, ताडपत्री बांधून माझ्या हातात येत हुती. मी कधी इचारलं न्हाई आत काय हाय. फौजेत बी न्हाई इचारलं. हुकूम आला की गाडी काढायची, एवढंच मला येतं." मग शेठकडे बघत म्हणाला, "मला व्यसन न्हाई, शेठ. तुमाला म्हाईत हाय."

शेठ कोर्टाच्या घड्याळाकडे बघत राहिला.

निकालाच्या दिवशी ती बाई मुलीला घेऊन आली होती. मॅजिस्ट्रेटनी इंग्रजीतला निकाल भराभर वाचला. पंच विश्वासार्ह नाही, मालकाची साक्ष संभवनीय वाटत नाही, पोत्यांवर आरोपीचा जाणीवपूर्वक ताबा सिद्ध होत नाही, सबब संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. मी बाहेर येऊन तिला सांगितलं, सुटले.

"आन् काय म्हनलं सायब?"

मी शब्द सांगितले. कायद्याची भाषा मराठीत सांगताना आपण काय बोलतो हे पहिल्यांदाच आपल्या कानावर येतं.

"संशयाचा फायदा?" ती म्हणाली. "म्हंजे संशय हायच अजून? केला कुनी, आन् संशय कुनावर!"

मी तिला समजावू लागलो की ही कोर्टाची पद्धत असते, याचा अर्थ सुटका पक्की. ती ऐकून घेत होती, पण तिला पटलं नाही. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा पटलं नाही. आम्ही वकील मंडळी हा शब्द पेढ्यासारखा वाटतो. गरिबाला निर्दोष म्हणायला आमच्या कायद्याची जीभ अडखळते. दुसऱ्याच्या संशयातलं उरलंसुरलं आम्ही त्याच्या पदरात टाकतो, त्याला फायदा म्हणतो, वर तो कोर्टाचे आभार मानील अशी अपेक्षा ठेवतो.

तेवढ्यात शेठची गाडी कोर्टाच्या फाटकाशी थांबली. तो उतरला, हातात झेंडूचा हार. त्याची साक्ष खोटी ठरल्याला तास झाला नव्हता. आणि हा दात काढत पुढे आला.

"मी म्हणत नव्हतो, देव आहे म्हणून?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "झालं गेलं विसर बघ. पोलिसांपुढं बोलावं लागतं तसं. उद्यापासून ये गाडीवर."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. खरं सांगतो, मला वाटलं हा जाणार. त्याच्या अंगातली सवय मी बघितली होती. पण त्याची बायको मध्ये आली. तिनं शेठच्या हातातला हार काढून घेतला नाही, फेकला नाही. फक्त पदर सारखा करून म्हणाली, "ह्यो हार न्या परत. बेंदराला बैलाच्या गळ्यात घाला. त्याला बी इचारता येत न्हाई, गाडीत काय हाय ते."

आणि नवऱ्याच्या दंडाला धरून एसटी स्टँडकडे चालू लागली. मुलगी मागे पळत गेली. तो चालताना दोनदा मागे वळून बघत होता. शेठकडे की माझ्याकडे, ते मला कळलं नाही.

पुढे काय झालं? फार काही नाही. फौजदाराला मी विचारलं, आता मालकाची चौकशी? तो म्हणाला, तपास पूर्ण झालाय. गांजा कुणी पेरला, कुणी पाठवला, कुणाकडे निघाला होता, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. पानपट्टीवाला पुन्हा पंचनाम्यांवर दिसू लागला. त्यानं सुधारणा एकच केली: 'मला नीट आठवत नाही' म्हणायला शिकला. शेठच्या देवळाला नवा कळस चढला. कळसाच्या दिवशी त्यानं भाषण केलं, तरुण पिढीतल्या व्यसनांवर. माझ्या बाररूममधल्या बड्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे काही दिवस पेठेतलं कुणी फिरकलं नाही. मग हमालांच्या, गाडीवाल्यांच्या केसेस येऊ लागल्या, आणि त्यावर माझं बरं चाललं.

ड्रायव्हर साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर लागला. मुलीचं लग्न झालं. पावण्यांनी खटल्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणे आईनं निकालाची नक्कल पुढे ठेवली. पावण्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शिक्का मोठा होता.

आठ-दहा वर्षांनी शेठ हृदयाच्या झटक्यानं गेला. पेठ बंद. अंत्ययात्रेनं रस्ता अडवला होता, म्हणून मी सायकल हातात धरून कडेला उभा होतो. कृष्णेच्या घाटाकडे लोंढा चालला होता. त्यात शेवटी, टोपी हातात घेऊन, तो ड्रायव्हर. मला बघून ओशाळला, पण जवळ आला.

"तू इथं कसा?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"बातमी कळली. ऊस उतरवला आन् तसाच आलो."

"त्यानं तुला जेलात घातलं."

"व्हय."

"तुला व्यसनी म्हणाला. भर कोर्टात, शपथेवर."

"व्हय, सायब." तो टोपी फिरवत राहिला. "फौजंतनं आलो तवा कुनी काम देत नव्हतं. त्यांनी गाडी दिली हुती."

मला त्याचा राग आला, खूप राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही येतो. एवढा स्वस्तात कृतज्ञ होणारा माणूस असतो म्हणूनच शेठसारखे निपजतात, असं मला वाटतं. माझी बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा तो मोठा होता. असेल. मला तसं मोठं व्हायचं नाही.

तो निघाला, चार पावलं गेला, परत आला.

"सायब, घरी सांगू नगा हं," तो हळूच म्हणाला. "ती भाकरी देयाची न्हाई."

आणि टोपी डोक्यावर ठेवून तो घाटाकडे गेला.